दही-तूप नसलेलं बेळगावी ताट: सीमाभागातल्या स्वयंपाकघरासाठी व्हीगन मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मटण सोडलेला माणूस कुणाला नवा नाही. गळ्यात माळ घातली की रविवारी त्याच्यापुरती वेगळी आमटी होते आणि विषय संपतो. जैन आणि लिंगायत घरांत तर शाकाहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. दही सोडलेला माणूस मात्र कुणाच्या पचनी पडत नाही. "मटण नको, समजलं. पण ताक का नको गं? म्हशीला कोण मारतंय होय?" हा प्रश्न आत्या, मामी, शेजारच्या काकू, सगळ्याच विचारतात आणि काळजीनंच विचारतात.

व्हीगन जेवणात मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मधही बाद. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली, तिथून हे नाव आलं. १९९४ पासून १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन मानतात. आपल्याकडे त्या तारखेला गावात दुसऱ्याच गोष्टींची, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाची धामधूम असते, त्यामुळे बेळगावात तो साजरा व्हायची शक्यता कमीच!

कुणी जनावरांसाठी दूध सोडतं, कुणाला ते पचत नाही. कारण काहीही असो, इथल्या माणसाला त्यासाठी टोफू आणि बदामाच्या दुधामागं धावायची गरज नाही. ताटात दूध नेमकं कोणतं काम करतंय ते ओळखायचं आणि त्या-त्या कामाला वेगळा गडी लावायचा. सगळ्या कामांना एकच गडी शोधला की फसगत होते. सोयादुधाचा डबा आणून चहा, कढी, खीर, लस्सी सगळं त्यातच करू बघणारे लोक पंधरा दिवसांत परत म्हशीच्या दुधावर येतात.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं लिहून काढा

काहीही बदलू नका. घरात जे होतं ते खा आणि रात्री वहीत दोन रकाने करा: दूध नसलेलं आणि दूध असलेलं. हे लिहिलंत की अर्धी भीती जाते, कारण पहिला रकाना आपोआप लांबत जातो.

ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, भरलं वांगं, मटकीची उसळ, हुलग्याचा कट, अंबाडीची म्हणजे पुंडीची भाजी, लसणाच्या फोडणीची मेथी, मसुराची आमटी, आंबोळी, थालीपीठ, कांदापोहे, चिरमुऱ्यांचा चिवडा. यातलं एकही मुळात दुधाचं नाही. आपल्याकडची रोजची भाजी शेंगतेलात होते, मलईत नाही. कोरडवाहू गावांतल्या जेवणाला दाटपणा येतो तो दाणे, तीळ आणि खोबऱ्यानं.

दुसऱ्या रकान्यात काय उरतं? सकाळ-संध्याकाळचा चहा, भाकरीबरोबरचं दही किंवा ताक, गरम भातावरचं तूप, कोशिंबिरीतलं दही, सणाचं गोडधोड आणि बेकरीचा माल. एवढ्या सहा ठिकाणी लढाई आहे. बाकी मैदान आधीच मोकळं आहे.

दुसरी पायरी: दुधाची कामं वेगळी करा

भातावरचं तूप वास आणि ओशटपणा देतं. ताक आंबटपणा देतं आणि जडपणा मोडतं. लोणी कोरड्या भाकरीला ओलावा देतं. चहातलं दूध तुरटपणा झाकतं. खिरीतलं दूध दाटपणा आणतं. यापलीकडं प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ ही दुधाची न दिसणारी कामं आहेत. त्यांचा हिशेब पुढं वेगळा मांडला आहे, कारण चव जमली म्हणून पोषण जमलं असं होत नाही.

ओलाव्याचं काम सर्वांत सोपं. शेंगदाण्याची चटणी करताना दाणे मंद आचेवर सालं काळी न होऊ देता खमंग भाजा. सालासकट लसूण, जिरं, मीठ आणि संकेश्वरी मिरचीची पूड घालून उखळात कुटा. मिक्सर वापरायचाच असेल तर एका दमात फिरवू नका, थांबून थांबून फिरवा. दाण्याला तेल सुटून चटणी बोटाला चिकटायला लागली की झाली. गरम भाकरीवर ही चटणी आणि वर घाण्याचं कच्चं शेंगतेल चमचाभर. लोण्याची आठवण येत नाही, असं माझं मत आहे. लोणीप्रेमींनी भांडायला हरकत नाही.

तुपाच्या वासाला हुबेहूब पर्याय नाही. तो शोधायलाही जाऊ नका. वरणभातावर तुपाऐवजी लसूण, हिंग आणि कढीपत्त्याची कडकडीत फोडणी वरून ओता आणि लिंबू पिळा. चव वेगळी होते, पण भात ओका लागत नाही. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बेळगाव बासमती मिळाला तर त्याला स्वतःचाच वास असतो. तो नुसत्या मीठ-फोडणीच्या वरणाबरोबरही पुरतो.

आंबटपणासाठी चिंच, लिंबू, आमसूल, कैरी, अंबाडी अशी रांगच आहे. खानापूरच्या बाजूला आमसुलाचं सार घरोघरी होतं. आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घाला. नारळाचं दूध घातलं तर सोलकढी, नाही घातलं तर फुटी कढी. नारळाचं दूध घातल्यावर उकळू नका, फुटतं.

तिसरी पायरी: शेंगदाण्याचं दही

हा भाग सविस्तर लिहितो, कारण दह्याशिवाय जेवण सुटत नाही असं म्हणणारे इथं सर्वांत जास्त आणि विकतचं वनस्पतीजन्य दही महाग. दाणे आपल्याकडं पिकतात, मग शहराच्या मॉलची वाट कशाला बघायची?

एक वाटी कच्चे शेंगदाणे घ्या. भाजलेले नकोत. रात्रभर, म्हणजे सात-आठ तास भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी फेकून द्या आणि दाणे तळहातांत चोळून सालं काढा. सालं राहिली तर दही तांबूस आणि किंचित कडवट होतं. बुरशी आलेला, आक्रसलेला किंवा काळपट दाणा एकही आत जाऊ देऊ नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते उकळूनही जात नाही.

आधी थोड्या पाण्यात दाणे अगदी गंधासारखे वाटा, मग एकूण तीन वाट्या पाणी होईल असं वाढवत जा. पातळ सुती कापडातून पिळून गाळा. चोथा टाकू नका, धपाट्याच्या पिठात किंवा झुणक्यात जिरतो.

आता हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. इथं पातेल्यासमोरून हलायचं नाही. शेंगदाण्याचं दूध म्हशीच्या दुधापेक्षा लवकर बुडाला लागतं आणि फेसाळून बघता बघता उतू जातं. उलथनं बुडापासून फिरवत राहा. उकळी आली की आच कमी करून आठ-दहा मिनिटं शिजवा. कच्चा हिरवट वास जाऊन शिजलेल्या दाण्यांचा वास यायला हवा. दही घट्ट हवं असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून याच वेळी घाला.

कोमट होऊ द्या. बोट बुडवून सावकाश दहा अंक मोजता आले पाहिजेत, चटका बसता कामा नये.

विरजण कुठून आणायचं? हिरव्या मिरचीच्या देठांतून. ताज्या आठ-दहा मिरच्यांची टोपीसकट देठं काढा, पाण्यातून एकदाच बुडवून घ्या, घासू नका. दही लावणारे जंतू देठांवर असतात. देठं कोमट दुधात बुडतील अशी टाका, झाका आणि उबेला ठेवा. एप्रिलमध्ये अथणी-चिकोडीकडं सात-आठ तासांत लागतं. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत बारा-चौदा तासही लागतात. तेव्हा पातेलं कणगीत किंवा जाड चादरीत गुंडाळून ठेवा.

पहिल्या खेपेचं दही बहुधा पातळ आणि मिरचीच्या वासाचं होतं. ते खायचं नाही, ते विरजण. देठं काढून टाका आणि त्यातलं दोन चमचे पुढच्या खेपेच्या कोमट दुधात घाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दही नीट लागतं. गुलाबी, काळे किंवा हिरवे ठिपके दिसले किंवा आंबट सोडून कुजका वास आला तर सगळं टाका, वरचा थर काढून खायचा मोह नको.

चवीबद्दल खोटं सांगत नाही: दाण्याचा वास राहतो. नुसतं वाटीत घेऊन खायला ते तितकं बरं लागत नाही. पण मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी दिली की काकडीच्या कोशिंबिरीत, दहीभातात, कढीत सहज खपतं. कढीला बेसन नेहमीपेक्षा कमी घाला, हे दही शिजवल्यावर आपणहून दाटतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं, रोज थोडं आंबट होत जातं. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी हा सगळा भाग सोडून द्या. त्यांच्यासाठी सोयाबीनच्या दुधाचं दही याच रीतीनं लागतं, फक्त दूध निदान वीस मिनिटं उकळावं लागतं.

चहा

भल्याभल्यांचा निश्चय इथं मोडतो. सोयादूध घालून चहा केला की फुटतो आणि माणूस वैतागतो. फुटण्याची कारणं दोन: दूध गार असतं आणि चहा आम्लधर्मी, खळखळ उकळता असतो. आलं आणि गूळ घातला तर आणखीच. म्हणून चहा गाळून घ्या, दोन मिनिटं थांबा, दूध वेगळं कोमट करा आणि कपात आधी दूध, वरून चहा. गुळाऐवजी साखर वापरली तर फुटायची भीती कमी.

माझा सल्ला मात्र दूध शोधत बसू नका असाच आहे. गवती चहा, आलं, पुदिना आणि गूळ घातलेला कोरा चहा आपल्याकडं पावसाळ्यात पितातच. पत्ती नेहमीच्या निम्मी आणि मिनिटभरच उकळायची. दूध नसताना पत्ती जास्त उकळली की घसा धरतो. चहा जेवणाला लागून पिऊ नका, आधी-नंतर तासभर सोडा. त्यातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं.

चौथी पायरी: प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा हिशेब

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम धरा. आता आपलं ताट मोजू. दीडशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्यांत साधारण १५ ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत ११-१२. तीस ग्रॅम तूरडाळीच्या आमटीत ६-७. पंचवीस ग्रॅम दाण्यांच्या चटणीत ६. रात्रीच्या भातात ५-६. मूठभर फुटाण्यांत ६. पन्नास झाले आणि त्यात विकतचं परदेशी काही नाही. पण यातली उसळ काढली तर हिशेब कोसळतो. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, ते कडधान्य भरून काढतं. म्हणजे रोज एक कडधान्य, एक डाळ आणि एक दाण्याची किंवा कारळाची चटणी, ही तीन खांबांची सवय सोडायची नाही. नुसती भाकरी, बटाट्याची भाजी आणि पापड हे जेवण व्हीगन आहे, पण पोषक नाही.

हुलगा विशेष लक्षात ठेवा. एका भांड्यात दोन पदार्थ होतात. वाटीभर हुलगे रात्रभर भिजवा, पाच वाट्या पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या. पाणी निथळून घ्या, तो कट. भाजलेला कांदा-खोबरं, लसूण, धने आणि चार मिरं वाटून कटाला लावा, चिंच घाला, उकळी द्या. उरलेल्या हुलग्यांची कांदा घालून सुकी उसळ करा. पावसाळ्यात गरम भाकरी कटात कुस्करून खाल्ली तर ताकाची आठवण कुणालाही येत नाही.

कॅल्शियम प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम सांगितलेलं आहे. दुधात शंभर ग्रॅममागं साधारण १२० मिलिग्रॅम असतं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि तिळात हजाराच्या पुढं. पण कागदावरचा आकडा सगळाच अंगी लागत नाही. तिळाच्या टरफलातल्या ऑक्झलेटमुळं बरंचसं वाया जातं आणि अख्खा तीळ न चावता तसाच बाहेर पडतो. म्हणून भाजून कुटा. पालकातलं कॅल्शियमही ऑक्झलेटमुळं फारसं मिळत नाही. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. मुगाच्या डाळीत घालून त्याची पातळ भाजी करा, कडवटपणा जातो.

नाचणीसाठी आंबील. एरवी आपण तीत ताक घालतो. ताकाविना करायची तर आंबवण पिठातच होऊ द्या: चार चमचे नाचणीचं पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी आंबूस वास येतो. दोन वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात हे हळूहळू ओता, गुठळ्या होऊ देऊ नका, सात-आठ मिनिटं शिजवा. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, वरून बारीक कांदा आणि कोथिंबीर. आंबवल्यानं धान्यातलं फायटेट, म्हणजे खनिजं अडवून धरणारा घटक, कमी होतं आणि लोह, कॅल्शियम जास्त मिळतं. मोड आणण्याचाही फायदा तोच.

लोहाची गरज बाईला रोज २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. बाईची गरज मोठी, म्हणून उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळणं हा चवीचा भाग समजू नका. क जीवनसत्त्व असलं की वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. कच्ची मेथी, कांदा, लिंबू आणि दाण्याची चटणी हे कालवण त्या दृष्टीनं उत्तम.

आयोडिनचा विषय कुणी काढत नाही. दुधातून थोडं आयोडिन मिळतं, ते बंद झालं आणि त्याच सुमाराला "नैसर्गिक" म्हणून सैंधव सुरू केलं तर दोन्ही दारं बंद होतात. साधं आयोडिनयुक्त मीठच वापरा, दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत. ओमेगा-३ साठी चमचाभर जवस भाजून कुटून. अख्ख्या जवसाचा उपयोग नाही.

बी-१२: इथं वाद नको

वनस्पतीतून बी-१२ भरवशानं मिळत नाही. आंबोळीतून नाही, आंबिलीतून नाही, स्पिरुलिनातून नाही, गोठ्याजवळच्या न धुतलेल्या भाजीतूनही नाही. "आमचे आजोबा माळकरी होते, नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले" हे खरं असेल, पण आजोबा रोज तांब्याभर ताक पीत होते.

गोळी घ्यावीच लागते. सायनोकोबालामिन, म्हणजे गोळीतलं बी-१२, रोज निदान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम हे व्हीगन लोकांसाठी सर्वसाधारण सांगितलेलं प्रमाण. सुरुवातीलाच एकदा रक्त तपासा. आपल्या भागात दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही कमतरता सर्रास सापडते आणि आधीच कमी असेल तर डॉक्टर जास्त मात्रा किंवा इंजेक्शन देतात. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याला फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व चांगलं मिळतं, त्यामुळं बी-१२ कमी असूनही रक्तक्षय दिसत नाही आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा याकडं दुर्लक्ष करू नका. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं, म्हणून साधी गोळी बघा. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, डी-२ किंवा दगडफुलाच्या जातीपासून काढलेलं डी-३ मागा. खानापूरकडं जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठं दिसतं!

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल आणि मूत्रपिंडाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूध बंद करू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरचं दाण्याचं किंवा नारळाचं दूध कधीच देऊ नका.

बाजार आणि पाकिटं

बेळगावच्या रविवार पेठेतल्या किराणा दुकानात तीळ, कारळ, जवस, हुलगा, मटकी, नाचणी सगळं सुटं मिळतं. जवस आणि कारळ महिन्यापुरतंच घ्या, तेलबी खवट होते. गव्हात खपली मिळाली तर सोडू नका.

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे, दूध असलेल्या मालावरही तोच असतो. व्हीगन मालासाठी सरकारनं २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह ठरवलं आहे, हिरवं 'व्ही' अक्षर आणि वर पानाचं चित्र. ते नसेल तर घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिन, बटर, घी यांतलं काही असलं की बाजूला. बेकरीचे टोस्ट, खारी, बिस्किटं यांत बहुधा यातलं काहीतरी निघतंच. गूळ चालतो, गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीचा चीक वापरायची रीत जुनी आहे. बेळगावचा कुंदा अर्थातच गेला, त्याला पर्याय सुचवून तुमचा अपमान करत नाही. गोकाकच्या करदंटात डिंक तुपात तळतात, विचारून घ्या. शेंगदाण्याची चिक्की, तिळगूळ, चिरमुऱ्याचे लाडू चालतात.

लग्न, जत्रा, खानावळ

उत्तर कर्नाटकी खानावळ ही व्हीगन माणसाची सोय. ज्वारीची रोटी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, कडधान्याची पल्ल्या म्हणजे सुकी भाजी, शेंगाचटणी, कच्ची मेथी-कांदा-मुळा. दही आणि तूप वाटीत वेगळं येतं, म्हणजे नाही म्हणता येतं. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांनी चार कानडी शब्द पाठ करावेत: तुप्प बेड, मोसरु बेड, हालु बेड, मज्जिगे बेड. तूप, दही, दूध, ताक नको. जेनुतुप्प म्हणजे मध, तेही सांगून ठेवा.

लग्नाच्या पंगतीत मसालेभातावर तूप पडण्याआधी वाढप्याला सांगावं लागतं, पडल्यावर सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी यजमानांच्या घरातल्या एखाद्या वहिनीला फोन करा. कोशिंबीर दह्याची, मठ्ठा ताकाचा, जिलेबीचं पीठ बऱ्याचदा दह्यानं आंबवलेलं. वरण, पुरी, सुकी भाजी आणि चटणी यांवर पोट भरतं. "एवढ्याशा तुपानं काय होतंय की गं?" असं कुणी म्हटलं तर पंगतीत तत्त्वज्ञान सांगू नये. "मला पचत नाही ओ मामी" एवढं पुरतं. प्रसादाचं ज्यानं त्यानं ठरवावं. मी देवळातला चिमूटभर प्रसाद वादाचा विषय करणार नाही, दुसरा करेल.

घरी सासूबाईंचा स्वयंपाक असेल तर सगळ्यांचं दही बंद करायला जाऊ नका. भाजी-आमटी सगळ्यांची एकच, फोडणी तेलाची, तूप ताटात वरून. एवढी एक रीत बदलली तरी वेगळं शिजवावं लागत नाही.

खाताना

लक्ष देऊन जेवायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं नव्हे. फोन दुसऱ्या खोलीत. ताटात आधी भाजी, उसळ, कच्चं, मग भाकरी. ज्वारीची भाकरी नीट चावावीच लागते, ती गिळता येत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसरी भाकरी घेण्याआधी पाण्याचा घोट घ्या आणि भूक उरली आहे की चव उरली आहे ते स्वतःला विचारा. तेल मोजून ठेवा: महिन्याच्या सुरुवातीला बाटलीवर खूण करा. दूध सुटल्यावर माणूस भजी, चिवडा, वड्यांवर तहान भागवतो. व्हीगन म्हणून तळण पौष्टिक होत नाही.

सणाचं गोड

पुरणपोळीला तूप नको, गुळवणी आहेच. पोळी तेलाच्या हातानं लाटा आणि कटाची आमटी नेहमीसारखी करा. पण मला विचाराल तर व्हीगन सणाचा राजा म्हणजे गव्हाची खीर, इथली हुग्गी. वाटीभर खपली गहू थोडं पाणी शिंपडून तासभर ठेवा, उखळात हलकं कांडून कोंडा पाखडा आणि रात्रभर भिजवा. सकाळी चार वाट्या पाण्यात कुकरला आठ-दहा शिट्ट्या, दाणा बोटानं चेपला पाहिजे. पळीनं अर्धवट घोटा. सव्वा वाटी गूळ आणि चिमूटभर मीठ घालून पंधरा मिनिटं मंद आचेवर आटवा. गूळ आधी घातला तर गहू शिजता शिजत नाही. भाजून वाटलेली खसखस, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, सुंठ, वेलची, जायफळ. आच बंद करून शेवटी वाटीभर नारळाचं घट्ट दूध. गार झाली की खीर दगडासारखी घट्ट होते, तेव्हा वाढताना गरम पाणी घालून सैल करा, नारळाचं दूध पुन्हा उकळू नका.